कथेतले अस्त्र : चेस्नीपासून झिलार्डपर्यंत

विज्ञानकथेची चर्चा सुरू झाली की एक प्रश्न जवळजवळ सवयीने पुढे येतो : लेखकाने वर्तवलेले कितपत खरे ठरले? रणगाडा, हवाई हल्ला, अणुबॉम्ब अशी यादी मांडली जाते, प्रत्येक नावापुढे कथेचे आणि प्रत्यक्ष शोधाचे साल लिहिले जाते, आणि दोन सालांमधले अंतर जितके मोठे तितका लेखक थोर, असा निष्कर्ष काढला जातो. वर्गात शिकवायला ही रीत सोपी आहे. परंतु तिच्यामुळे कथेचे साहित्य म्हणून असलेले म्हणणे बाजूला पडते, आणि ज्योतिषाच्या निकषावर एखाद्या कलाकृतीला गुण द्यावेत तसा प्रकार होतो. प्रस्तुत लेखात शस्त्रास्त्रांविषयीच्या विज्ञानकथेचा सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास पाहायचा आहे. लेखकांनी शस्त्राबरोबर समाजाविषयी काय सांगितले होते आणि वाचकांनी त्यातले काय उचलले, हा प्रश्न त्यात मध्यवर्ती ठेवला आहे.

या इतिहासाचा आरंभ बहुधा १८७१ पासून धरतात. त्या वर्षी मे महिन्यात 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मध्ये 'द बॅटल ऑफ डॉर्किंग' ही दीर्घकथा निनावी प्रसिद्ध झाली. लेखक होते जॉर्ज टॉमकिन्स चेस्नी. ते बंगाल इंजिनिअर्समधले अधिकारी. १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात ते गंभीर जखमी झाले होते, आणि हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी अभियंते तयार करणारे कूपर्स हिलचे महाविद्यालय त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. फ्रान्सचा प्रशियाकडून नुकताच पराभव झाला होता. रेल्वे, तारायंत्र आणि नव्या तोफा यांच्या बळावर एक सुसंघटित राष्ट्र काही आठवड्यांत दुसऱ्याला कसे नमवू शकते, हे युरोपाने पाहिले होते. चेस्नींच्या कथेत एक आजोबा आपल्या नातवंडांना पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंड कसे हरले ते सांगतात. फौजा हिंदुस्थानात, आयर्लंडमध्ये आणि कॅनडात विखुरलेल्या आहेत. शत्रूजवळच्या गुप्त यंत्रांनी आरमार पाहता पाहता बुडते. मग हौशी स्वयंसेवक सैनिक डॉर्किंगजवळच्या टेकड्यांवर शिस्तबद्ध शत्रूला तोंड देतात आणि त्यांची दाणादाण उडते.

या कथेत नव्या शस्त्राला जागा किती, तर दोन-चार वाक्यांपुरती. ती यंत्रे कशी चालतात हे चेस्नी सांगतही नाहीत. त्यांचे सगळे लक्ष आहे ते व्यापाराच्या सुबत्तेत गाफील राहिलेल्या समाजावर. स्वयंसेवकांना अन्न पोचत नाही, कोणाचा हुकूम मानायचा हे कोणाला ठाऊक नाही, कालपर्यंत कचेरीत बसणारे कारकून आज खंदकाच्या कडेला उभे आहेत. कथेने इतकी खळबळ उडवली की पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हिटबी येथील भाषणात या भयगंडाविरुद्ध बोलावे लागले. लवकरच युरोपातल्या अनेक भाषांत तिची भाषांतरे आणि अनुकरणे निघाली. पहिल्या महायुद्धापर्यंत 'आक्रमणकथा' हा एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला. मात्र अनुकरण करणाऱ्यांनी चेस्नींची आत्मपरीक्षणाची बाजू सोडली आणि आक्रमणाची भीती तेवढी घेतली. शत्रू दर वेळी बदलला. कधी फ्रान्स, कधी रशिया, पुढे बहुतेक जर्मनी. या कथांचा सूर मात्र तोच राहिला : आणखी जहाजे बांधा, आणखी तोफा ओता. इशारा म्हणून लिहिलेली कथा शस्त्रांच्या मागणीचे साधन कशी होते, याचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

एच. जी. वेल्स यांची 'द लँड आयर्नक्लॅड्स' ही कथा १९०३ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात आली. तेरा वर्षांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, सोमच्या रणभूमीवर फ्लेर-कूर्सलेट येथे ब्रिटिशांनी पहिल्यांदा रणगाडे आणले, आणि वेल्सच्या द्रष्टेपणाची चर्चा सुरू झाली. वस्तुतः वेल्सच्या हाती बरीचशी सामग्री आधीच होती. इव्हान ब्लॉख या पोलिश बँकरने १८९८ मध्ये आपल्या बहुखंडी ग्रंथात दाखवून दिले होते की, नव्या बंदुकांच्या माऱ्यापुढे उघड्यावरची चाल अशक्य होऊन युद्ध खंदकांत अडकून पडेल. चाकाच्या कडेला पावले बसवून खडबडीत जमिनीवर चालणारे यंत्र डिप्लॉक यांनी प्रत्यक्षात तयार केले होते, आणि त्यांचा उल्लेख वेल्स यांनी कथेतच केला आहे. तेव्हा कल्पनेचे नावीन्य यंत्राच्या सांगाड्यात शोधणे फारसे फलदायी नाही.

ते नावीन्य दिसते यंत्राच्या आत बसलेल्या माणसांत. बाहेर खंदकांत आहेत ते उघड्या माळावर वाढलेले, घोडदौडीत तरबेज, शरीराने बळकट असे जवान. शंभर फुटांच्या त्या लोखंडी धुडांत मात्र शहरी, फिकट, शांत तरुण बसलेले आहेत. भिंगांतून समोरच्या पटावर उमटणाऱ्या चित्रात ते लक्ष्य जुळवतात आणि कळ दाबतात. द्वेष नाही, आवेश नाही. हिशेबनीस खतावणीत नोंदी करतो तितक्या निर्विकारपणे त्यांचे काम चालले आहे. कथा सांगणारा युद्धवार्ताहर हरणाऱ्यांच्या बाजूने आहे, आणि वेल्स यांची सहानुभूती नेमकी कोणाकडे आहे हे शेवटपर्यंत निश्चित कळत नाही. पराक्रम या मूल्याचे काय होणार, हा या कथेचा खरा प्रश्न. रणगाड्याचे श्रेय वेल्सना द्यावे की नाही यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. कळ दाबणाऱ्या कारकुनाकडे त्या मानाने कोणी पाहिले नाही.

याच सुमारास हिंदुस्थानात एका लेखिकेने हाच प्रश्न अगदी वेगळ्या बाजूने विचारला होता. रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाली. कथेतल्या स्त्रीराज्यात दोन महिला विद्यापीठे आहेत. एकाने ढगांतून पाणी ओढून घेण्याची युक्ती शोधली, तर दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची. त्या वेळी पुरुष लष्करी बळ वाढवण्यात गुंतलेले होते आणि या संशोधनाची ते टिंगल करत. शत्रू चालून आला, पुरुषांचे सैन्य हरले, तेव्हा विद्यापीठाच्या प्रमुख बाई आपल्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन रणांगणावर गेल्या आणि साठवलेली सूर्यकिरणे त्यांनी शत्रूवर रोखली. शत्रू पळाला, टाकून दिलेली शस्त्रे त्याच उष्णतेने जाळून टाकली गेली. बाहेर पडण्यापूर्वी बाईंनी एक अट घातली होती : पुरुषांनी आधी घरात जायचे. ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत.

ही कथा उपरोधिका म्हणून वाचली जाते, आणि ती तशी आहेही. पण शस्त्रकथांच्या मालिकेत ठेवून पाहिली तर तिच्यातला एक तपशील फार बोलका वाटतो. ही उष्णता मुळात शस्त्र म्हणून साठवलेलीच नव्हती; तिच्यावर स्वयंपाक होतो. शोध एकच, तो स्वयंपाकघरात राहील की रणांगणावर जाईल, आणि युद्ध संपल्यावर परत स्वयंपाकघरात येईल की नाही, हे तो कोणाच्या हाती आहे यावर ठरते. चेस्नी आणि वेल्स यांच्या कथांत लढाईनंतर जग अधिक भयग्रस्त होते. इथे लढाई एकदाच होते आणि शस्त्र निवृत्त होते. शस्त्राची निवृत्ती कल्पिणे हे शस्त्र कल्पिण्यापेक्षा अवघड आहे, हे पुढच्या इतिहासाने पुरेसे दाखवून दिले.

१९०८ च्या 'द वॉर इन द एअर' या कादंबरीत वेल्स यांनी आणखी एक पाऊल टाकले. नायक बर्ट स्मॉलवेज हा सायकलदुरुस्तीच्या दुकानातला सामान्य तरुण; अपघाताने तो जर्मन हवाईजहाजांच्या ताफ्यात जाऊन पडतो आणि न्यूयॉर्कवरचा बॉम्बवर्षाव वरून पाहतो. इथे वेल्स एक तर्क मांडतात : आकाशातून शहर उद्ध्वस्त करता येते, पण त्यावर ताबा मिळवता येत नाही. म्हणून हवाई युद्धाला निकाल नाही. दोन्ही बाजू एकमेकींची शहरे जाळत राहतील आणि पतपेढ्या, व्यापार, अन्नपुरवठा हे सारे ढासळेल. तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९११ रोजी, इटालियन वैमानिक जूलिओ गावोत्ती याने लिबियात विमानातून हाताने चार लहान बॉम्ब टाकले. युद्धाच्या इतिहासात विमानातून झालेला तो पहिला बॉम्बहल्ला. कादंबरी खरी ठरली असे यावरून म्हणता येईल. परंतु बॉम्बवर्षावाने निकाल लागत नाही हा कादंबरीतला तर्क मात्र पुढची अनेक दशके सेनानींच्या गळी उतरला नाही.

आता १९१४ कडे येऊ. त्या वर्षी आलेल्या 'द वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीत वेल्स यांनी 'अणुबॉम्ब' ही संज्ञा वापरली. कादंबरी अर्पण केली आहे ती फ्रेडरिक सॉडी यांच्या 'इंटरप्रिटेशन ऑफ रेडियम' या १९०९ च्या ग्रंथाला. सॉडी हे रदरफर्डचे सहकारी. अणूच्या पोटात किती प्रचंड ऊर्जा कोंडलेली आहे हे त्यांनी सामान्य श्रोत्यांना व्याख्यानांतून समजावून सांगितले होते. कादंबरीतला बॉम्ब तांत्रिकदृष्ट्या आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. वैमानिक तो दोन्ही हातांनी उचलून विमानाबाहेर टाकतो, आणि एकदा पडल्यावर तो दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे स्फोटत राहतो. पण बॉम्बच्या आधीची प्रकरणे पाहावीत. अणुऊर्जा प्रथम कारखान्यांत येते. कोळशाच्या खाणी बंद पडतात, लाखो लोक बेकार होतात, उपउत्पादन म्हणून सोने निघू लागल्याने चलनव्यवस्था कोसळते. ऊर्जा मुबलक झाली तरी तिचे वाटप करणारी व्यवस्था जुनीच आहे, आणि युद्ध त्या विसंगतीतून उद्भवते. शहरे जळून गेल्यावर उरलेसुरले राज्यकर्ते ब्रिसागो येथे एकत्र येतात आणि एक जागतिक शासन स्थापन करतात. कादंबरीचा हा उत्तरार्ध कलादृष्ट्या दुबळा आहे. माणसे इतक्या सहजासहजी शहाणी होत नाहीत, असे वाटल्यावाचून राहत नाही.

या कादंबरीला जो वाचक मिळाला तसा क्वचितच एखाद्या कथाकृतीला मिळाला असेल. लिओ झिलार्ड हे हंगेरीत जन्मलेले ज्यू भौतिकशास्त्रज्ञ वेल्सच्या राजकीय विचारांनी आधीच भारावलेले होते. १९२९ मध्ये लंडनमध्ये त्यांनी वेल्सची भेटही घेतली होती. 'द वर्ल्ड सेट फ्री' त्यांनी १९३२ मध्ये बर्लिनला वाचली. पुढल्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि झिलार्ड लंडनला आले. ११ सप्टेंबर १९३३ रोजी लेस्टर येथील सभेत रदरफर्ड यांनी अणूपासून ऊर्जा मिळवण्याची भाषा करणाऱ्यांना मोडीत काढले. दुसऱ्या दिवशी 'टाइम्स'मध्ये तो वृत्तान्त वाचून अस्वस्थ झालेल्या झिलार्डना लंडनच्या साउथॅम्प्टन रोवर रस्ता ओलांडताना साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली : एका न्यूट्रॉनने दोन न्यूट्रॉन मोकळे करणारे मूलद्रव्य सापडले, तर ही प्रक्रिया आपोआप वाढत जाईल.

इथवरची हकिगत अनेकदा सांगितली जाते आणि 'कादंबरीने अणुबॉम्ब जन्माला घातला' अशा वाक्याने संपवली जाते. हे वाक्य दोन्ही बाजूंनी अन्यायाचे आहे. साखळी प्रक्रियेचे बीज वेल्समध्ये नाही. ते न्यूट्रॉनच्या १९३२ मधील शोधात आहे. वेल्स यांनी झिलार्डना दिले ते वेगळेच काही. १९३४ मध्ये झिलार्ड यांनी या कल्पनेचे पेटंट नोंदवले, आणि ते गुप्त राहावे म्हणून धडपड सुरू केली. ब्रिटिश युद्धखात्याने गुप्ततेची गरज नसल्याचे कळवले. अखेर १९३६ मध्ये ते पेटंट ब्रिटिश नौदलखात्याच्या स्वाधीन करण्यात आले. हे कशाने घडू शकते ते वेल्स वाचल्यामुळे आपल्याला ठाऊक होते, असे झिलार्ड यांनी पुढे आठवणींत म्हटले आहे. म्हणजे कादंबरीने त्यांना भौतिकशास्त्र शिकवले नाही. परिणामांची कल्पना करायला शिकवले. ज्या काळी हे सारे तज्ज्ञांना हास्यास्पद वाटत होते, त्या काळी एक माणूस त्याच्या सामाजिक परिणामांना भिऊन ते लपवू पाहत होता, आणि त्या भीतीचे मूळ एका कादंबरीत होते. साहित्याच्या परिणामाचा इतका नेमका पुरावा क्वचितच हाती लागतो.

आणि तरीही बॉम्ब झाला. १९३८ च्या अखेरीस बर्लिनमध्ये युरेनियमचे विखंडन आढळले. हिटलरच्या हाती हे आधी पडेल या धास्तीने झिलार्ड यांनीच १९३९ च्या ऑगस्टमध्ये आइन्स्टाइन यांच्या सहीचे रूझवेल्टना लिहिलेले पत्र तयार करण्यात पुढाकार घेतला. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडली तेव्हा ते तिथे हजर होते. १९४५ च्या जुलैत, जर्मनी शरण आलेला असताना, जपानवर बॉम्ब टाकण्यास विरोध करणाऱ्या अर्जावर त्यांनी आपल्यासह सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्या मिळवल्या. तो अर्ज ट्रुमन यांच्यापर्यंत पोचला नाही. इशारा समजलेला माणूसही इशाऱ्याबाहेर पडू शकला नाही. कारण दुसऱ्या बाजूलाही कोणीतरी आहे, ही भीती पहिल्या भीतीपेक्षा मोठी ठरली. चेस्नींच्या अनुकरणकारांनी वापरलेलाच हा तर्क; फरक इतका की या वेळी तो करणारा माणूस परिणामांविषयी अजाण नव्हता.

त्याच काळात अमेरिकन मासिकांत काय चालले होते? १९४१ च्या मे महिन्यात रॉबर्ट हाइनलाइन यांची 'सोल्यूशन अनसॅटिस्फॅक्टरी' ही कथा टोपणनावाने 'अस्टाउंडिंग'मध्ये आली. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती. कथेत किरणोत्सारी धूळ टाकून बर्लिन निर्मनुष्य केले जाते, युद्ध संपते, आणि मग प्रश्न उरतो : हे अस्त्र कोणाजवळ ठेवायचे? उत्तर मिळते ते असे की एका सज्जन माणसाला अखेर साऱ्या जगाचा हुकूमशहा व्हावे लागते. ही तोड समाधानकारक नाही, हे शीर्षकच सांगते. १९४४ च्या मार्चमध्ये त्याच मासिकात क्लीव्ह कार्टमिल यांची 'डेडलाइन' ही कथा आली. साहित्य म्हणून ती सामान्य आहे. मात्र तिच्यात युरेनियम २३५ च्या बॉम्बचे वर्णन असल्याने लष्करी गुप्तहेर संपादक जॉन कॅम्बेल यांच्याकडे येऊन चौकशी करून गेले. माहिती युद्धापूर्वीच्या प्रसिद्ध नियतकालिकांतलीच होती, हे कॅम्बेल यांनी दाखवून दिले. आता गंमत अशी की विज्ञानकथेच्या इतिहासांत 'डेडलाइन'चा किस्सा अभिमानाने सांगितला जातो. बॉम्बनंतरच्या राजकारणाचा गाभ्याचा प्रश्न चार वर्षे आधी मांडणाऱ्या हाइनलाइनच्या कथेकडे मात्र कोणताही गुप्तहेर फिरकला नाही. सत्तेला अस्त्राच्या तपशिलाची चिंता वाटली. अस्त्राने होणाऱ्या सत्तेच्या स्वरूपाची नाही.

या इतिहासाचा शेवटचा टप्पा म्हणजे झिलार्ड यांचे स्वतः कथालेखक होणे. अर्ज, पत्रे, भेटीगाठी थकल्यावर त्यांनी वेल्सचेच माध्यम हाती घेतले. १९४९ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या विधिविषयक नियतकालिकात त्यांची 'माय ट्रायल अ‍ॅज अ वॉर क्रिमिनल' ही कथा प्रसिद्ध झाली. तिसऱ्या महायुद्धात रशिया जैविक अस्त्राने जिंकला आहे आणि खुद्द झिलार्ड यांच्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटला चालू आहे. आपण अर्ज केला होता, विरोध नोंदवला होता, हा बचाव तिथे टिकत नाही. स्वर हलका, जवळजवळ विनोदी. पण आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःला उभे करण्याचे धैर्य वेल्सनाही दाखवावे लागले नव्हते. सोव्हिएत अण्वस्त्रप्रकल्पात साखारोव्ह यांच्याबरोबर काम केलेले व्हिक्टर अदाम्स्की यांनी सांगितले आहे की, ही कथा त्यांच्या वर्तुळात वाचली आणि चर्चिली गेली, आणि आरोपींना आपले निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही या विरोधाभासाने ते सारे थक्क झाले. १९६१ च्या 'द व्हॉइस ऑफ द डॉल्फिन्स'मध्ये तर अमेरिकन आणि रशियन शास्त्रज्ञ व्हिएन्नात संस्था काढतात, डॉल्फिनांचा सल्ला म्हणून निःशस्त्रीकरणाच्या योजना पुढे आणतात, आणि जग त्या ऐकते. डॉल्फिन खरोखर बोलत होते का, हे शेवटी संशयातच राहते. माणसांचे शहाणपण माणसांच्या तोंडून आले तर ऐकले जाणार नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो.

आज हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात स्वयंचलित अस्त्रांविषयीच्या बैठकीच्या निमित्ताने 'स्लॉटरबॉट्स' हा लघुपट दाखवला गेला. चेहरा ओळखून मारणारे तळहाताएवढे ड्रोन हा त्याचा विषय. त्यावरची बरीच चर्चा असे यंत्र शक्य आहे की नाही याभोवती फिरली. २०१९ मध्ये फ्रान्सच्या संरक्षण खात्याने विज्ञानकथालेखकांचा एक गट नेमण्याचे जाहीर केले. भावी संघर्षांची कथानके रचून लष्कराला सावध करणे हे त्याचे काम, आणि २०२३ पर्यंत ते चालले. दीडशे वर्षांपूर्वी एका लष्करी अधिकाऱ्याने कथा लिहून समाजाला सावध केले होते. आता कथालेखकाने लष्कराला सावध करायचे आहे. हा बदल निव्वळ गौरवाचा मानता येणार नाही. अस्त्राची कल्पना मागवणारा वाचक त्याच कथेतली बेकार झालेली माणसे, निर्विकारपणे कळ दाबणारा कारकून आणि निरुत्तर आरोपीही वाचील याची हमी कोण देणार?

ती हमी संरक्षण खाते देणार नाही. ते वाचनाचे, पर्यायाने साहित्याच्या अभ्यासकांचे काम आहे. विज्ञानकथा शिकवताना 'किती खरे ठरले' हा तक्ता फळ्यावर मांडायला हरकत नाही. मात्र त्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा : कथेने अस्त्राबरोबर समाजाविषयी जे सांगितले होते, त्याचे पुढे काय झाले? झिलार्ड यांच्यासारख्या वाचकाने तो रकाना वाचला होता, आणि त्याचे ओझे त्यांना आयुष्यभर टाकता आले नाही.